भिंती कोरड्या, तळ ओला

आस्रव, संवर आणि निर्जरा हे तीन शब्द मुलांना समजावून सांगताना आपल्या घरांत बहुधा नावेचाच दाखला दिला जातो. नावेला छिद्रे पडली आहेत आणि त्यांतून पाणी आत येते आहे, तो आस्रव. छिद्रे बुजवली, तो संवर. आत साचलेले पाणी उपसून टाकले, ती निर्जरा. पाठशाळेत हा दाखला मी इतक्या वेळा ऐकला की झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगितला असता. गंमत एवढीच, की दाखला देणारे गुरुजी आणि ऐकणारी आम्ही मुले यांपैकी कोणीही गळकी नाव कधी पाहिलेली नव्हती. आमचे पुंडलिकनगर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. पैठणच्या नाथसागराचे पाणी नळावाटे शहरात यायचे, तेही काही दिवसांच्या अंतराने. त्यामुळे गळती म्हटली की आमच्या डोळ्यांपुढे येते ते बाहेर वाहून जाणारे पाणी. टाकीची तोटी ठिबकू लागली की घरातल्या आजीचा जीव खालीवर होतो. आत येणाऱ्या पाण्याची भीती कशी असते, हे आम्हांला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

माझे दुकान हार्डवेअर आणि नळसामानाचे. या धंद्यात तीस वर्षे गेली. मृग बरसला की सकाळी शटर वर करण्याआधी गिऱ्हाईक पायरीवर उभे असते आणि त्याची मागणी ठरलेली असते : ‘‘स्लॅब गळतो आहे, काहीतरी लावायला द्या.’’ कुठून गळतो, असे विचारले की ते पंख्याच्या हुकाकडे बोट दाखवणार. वास्तविक पाणी शिरलेले असते गच्चीच्या कठड्याच्या कोपऱ्यातून. तिथून ते स्लॅबच्या पोटातून आडवे चालत येते आणि हुकाच्या भोकापाशी सवड मिळाली म्हणून खाली उतरते. ओल जिथे दिसते तिथे ती शिरलेली नसते, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मात्र घराच्या बाबतीत माणसाला अवधी असतो. यंदा नाही सापडली तर पुढच्या पावसाळ्यात सापडेल. तोवर बादली ठेवावी.

हा अवधी जिथे नसतो, तिथे जाण्याचा प्रसंग गेल्या दिवाळीनंतर आला. माझा पुतण्या नोकरीनिमित्त गोव्यात असतो. त्याने दोन मित्रांबरोबर एक जुनी, बावीस फुटांची शिडाची होडी विकत घेतली. होडी फायबरची, दोन शिडांची, आत चार माणसे दाटीवाटीने बसतील एवढी खोली असलेली. सुट्टीच्या दिवशी मांडवीच्या मुखाकडे फेरफटका मारायचा, एवढाच त्यांचा छंद. त्याची नऊ वर्षांची मुलगीही तरंगते जाकीट घालून बरोबर जायची. पावसाळा संपून होडी पुन्हा पाण्यात उतरवली, आणि तिच्या तळाशी पाणी साचू लागले. एकदा तर नातीचे पायमोजे भिजले. हे तिने आजीला फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितले आणि मग आमच्या घरी फोन आला.

‘‘भाऊजी,’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘पाणी आणि पाइप यांत तुमचा जन्म गेला. एकदा जाऊन पाहून या. ठीक असेल तर माझी हरकत नाही. नसेल तर ती होडी विकायला लावा. माझे तो हसण्यावारी नेतो, तुमचे ऐकेल.’’

मोठे बंधू आता नाहीत. त्यामुळे वहिनींचा असा निरोप म्हणजे आज्ञाच. ज्ञानपंचमीला दुकानाचा मुहूर्त केला, गल्ला मुलाच्या हवाली केला आणि निघालो.

होडी पाहण्यापूर्वी मी एक हिशेब करून ठेवला होता. होडीच्या अंगाला पाण्याच्या पातळीखाली एक फुटावर अर्ध्या इंचाचे भोक पडले, तर तासाभरात सहाशे लिटरांहून अधिक पाणी आत येते. आमच्याकडे गच्चीवर असते ती पाचशे लिटरची काळी टाकी पाऊण तासात भरेल, एवढे. आणि भोक दुप्पट खोलीवर असेल तर पाण्याचा ओघ दुप्पट होत नाही, साधारण दीडपटीच्या आसपास जातो. हा आकडा मी पुतण्याला सांगितला तेव्हा तो म्हणाला, ‘‘काका, म्हणूनच आधी वही बघा.’’

ती वही पाहून मला बंधूंची आठवण झाली. बंधू खतावणीत एका रुपयाची चूक शोधण्यासाठी रात्र जागवायचे. मुलाने व्यापार सोडला, पण सवय सुटली नव्हती. प्रत्येक फेरीची तारीख, वारा कोणत्या बाजूचा, होडी किती तास पाण्यात चालली, पाऊस पडला की नाही, आणि परत आल्यावर तळातून किती मग पाणी निघाले, असे रकाने आखलेले. त्या नोंदींतून तीन गोष्टी उघड दिसत होत्या. होडी नांगरावर शांत उभी असेल आणि पाऊस नसेल, तर चार-चार दिवस तळात जवळजवळ काही नाही. पाऊस पडला की डाव्या बाजूच्या बाकावरची गादी ओली. आणि वारा उजवीकडून असेल, म्हणजे होडी डावीकडे कलून चालली असेल, तर दोन-दोन बादल्या पाणी. उलट्या अंगाने कलली तर नाही. अर्धे निदान तिथेच झाले होते. रोजमेळ जुळत नसला की आपण सगळी पाने चाळत बसत नाही. फरक कोणत्या दिवशी पडला ते आधी पाहतो. त्यातलाच हा प्रकार.

पुढचा प्रश्न असा, की हे पाणी कोणते? गोडे की खारे? गोडे असेल तर ते पावसाचे किंवा आतल्या पिण्याच्या टाकीचे, म्हणजे वरून आलेले. खारे असेल तर बाहेरचे, म्हणजे जिवावरचे. खलाशी बोट बुडवून जिभेला लावतात. तळात साचलेले ते तेलकट, काळपट पाणी जिभेला लावायला माझे मन धजेना. आपल्याकडे पाणी गाळून प्यायची रीत, तिथे हे कुठले! मी सूनबाईंकडून स्टीलची ताटली मागून घेतली. गादीखालच्या पाण्याचा एक थेंब आणि तळातल्या पाण्याचा एक थेंब, दोन्ही ताटलीवर ठेवून ती उन्हात धरली. पहिला थेंब वाळला तो जवळजवळ डाग न ठेवता. दुसऱ्याच्या जागी पांढरे कडे उमटले. म्हणजे गळत्या दोन होत्या, एकीचा दुसरीशी संबंध नव्हता, आणि घरातले सारे जण त्यांना एकच समजून चालले होते.

गोड्या पाण्याची गळती आधी हाती घेतली, कारण ती आमच्या स्लॅबच्या जातीची होती. बादलीने भसाभसा पाणी ओतून काही कळत नाही. नळी घेऊन खालच्या सांध्यापासून सुरुवात करायची, एका जागी दहा मिनिटे धार धरायची, आत माणूस बॅटरी घेऊन बसवायचा, आणि मग हातभर वर सरकायचे. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळ्याच सांध्यांवरून जाते आणि दोषी कोण ते ठरत नाही. खिडकीपाशी काही नाही. झाकणापाशी काही नाही. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे तारेचे तणावे असतात. ते ज्या पोलादी पट्ट्यांना अडकवलेले असतात, त्या पट्ट्या होडीच्या वरच्या तक्त्यातून आरपार खाली उतरतात. डाव्या पट्टीच्या बुडाशी धार धरली, आणि आतून पुतण्याची हाक आली. पट्टीपासून गादी चांगली तीन फूट लांब होती. पाणी तक्त्याच्या अस्तरामागून चालत जात होते.

ही जागा गळणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. होडी एका अंगाला कलली की त्या पट्टीवर ओढ येते, दुसऱ्या अंगाला कलली की ओढ सैल पडते. दिवसातून शेकडो वेळा असा हिसका बसला की भोवतीचे भरण सुटते. यापूर्वीच्या कोणा मालकाने त्यावर बाहेरून सिलिकॉनचा जाडसर थर फासून ठेवला होता. थर वरून धड, आतून पोकळ. फासणे हा दुरुस्तीचा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी प्रकार आहे, असे माझे मत झाले आहे. माझ्या दुकानातून ज्या नळ्या सर्वाधिक खपतात त्यांच्याविषयीच मी हे लिहितो आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. शिवाय सिलिकॉनचा एक दुर्गुण असा, की त्याचा अंश पृष्ठभागावर उरला तर पुढचे कोणतेही भरण तिथे नीट चिकटत नाही. ते खरवडून, घासून काढण्यातच आमची एक सकाळ गेली.

पट्टी काढल्यावर तक्त्याच्या पोटातले प्लायवूड ओलसर आणि मऊ झालेले आढळले. खरा धोका तोच होता. गादी वाळवता येते. कुजलेल्या लाकडाने वाऱ्याच्या ऐन जोरात पट्टी सोडली तर डोलकाठीच आडवी होते. मऊ झालेले लाकूड कोरून काढले, दोन दिवस उन्हात व पंख्याखाली वाळू दिले, पोकळी इपॉक्सीने भरली, ती कडक झाल्यावर त्यातूनच नवे छिद्र पाडले. म्हणजे आता पाणी शिरलेच तरी ते लाकडापर्यंत पोहोचणार नाही. मग लवचीक सीलंट भरून पट्टी बसवली. इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती घरच्या सिंकलाही लागू पडते. बोल्ट पहिल्याच दिवशी पूर्ण आवळायचे नाहीत. सगळे भरण दाबून बाहेर येते आणि मधे काहीच उरत नाही. बेताने आवळून ठेवायचे, सीलंट रबरासारखे झाले की शेवटचा फेर द्यायचा. तोही बोल्ट स्थिर धरून नुसती चाकी फिरवून. बोल्ट फिरला की त्याच्याभोवतीचे ताजे भरण तुटलेच म्हणून समजा.

ही दुरुस्ती चालू असताना धक्क्यावरच्या लोकांचे सल्ले सुरू होते. त्यांतल्या एकाने गंभीरपणे सुचवले की तळाला आतून छानसा रंग मारून घ्या, घेणारा गिऱ्हाईक मी आणतो. रंगाखाली पाणी दिसायला महिना जाईल. आपण सारे व्यापारी. असा सल्ला कोणत्या स्वरात दिला जातो ते आपल्याला ओळखू येते. ज्याच्या गळ्यात ती होडी पडली असती त्याच्या घरीही एखादी नऊ वर्षांची मुलगी असण्याची शक्यता होतीच. पुतण्याने त्याला चहा पाजला आणि विषय बदलला.

आता खारे पाणी. या होडीच्या तळाखाली ओतीव लोखंडाचे एक जड पाते असते. वाऱ्याने होडी कलली तरी उलटू नये म्हणून. ते पाते सहा जाड बोल्टांनी तळाशी जोडलेले. संशयाची सुई साहजिकच तिकडे गेली, कारण कलल्यावर याच जोडावर ताण येतो. मित्रमंडळींनी तर होडी बाहेर काढून पाते उतरवण्याचे भावही काढून ठेवले होते. मी म्हटले, खर्च करण्यापूर्वी पुरावा पाहू.

सूनबाईंकडे दिवाळीची रांगोळी उरलेली होती. तळ स्पंजने टिपून, फडक्याने पुसून पूर्ण कोरडा केला आणि सहाही बोल्टांभोवती रांगोळीचे एकेक कडे घातले. होडीच्या आतल्या भिंतींवर शाळेच्या खडूने आडव्या रेघा ओढल्या. पाण्याचा ओघळ कुठूनही उतरला तरी रेघ तुटणार. मग सगळे उजवीकडून वारा घेत दोन तास फिरून आले. मी धक्क्यावर थांबलो होतो. शीड उतरवताच आत शिरलो. रेघा जशाच्या तशा होत्या. बोल्टांभोवतीची कडीही शाबूत होती. आणि त्यांच्या मागे, सर्वांत खोलगट भागात, बादलीभर पाणी डुचमळत होते.

भिंती कोरड्या, तळ ओला. क्षणभर भुताटकीच वाटावी असा देखावा. पण जी पाने तपासून झाली ती बाजूला ठेवत गेले की उरते ते पान थोडेच असते. त्या खोलगट भागात भिंतीवरून न येता पोहोचणारी एकच गोष्ट होती. पाणी उपसण्याचा पंप.

पंप विजेचा, लहानसा. त्याची लवचीक नळी तळातून निघून डाव्या भिंतीमागून सरळ मागे जात होती आणि पाण्याच्या पातळीच्या वर वीतभर उंचीवर, होडीच्या डाव्या अंगाला बाहेर उघडत होती. होडी सरळ उभी असताना ते तोंड पाण्याबाहेर. डावीकडे कलली की ते तोंड पाण्याखाली. आणि तळ तर बाहेरच्या पातळीच्या खालीच. नळी कुठेही उंच उचललेली नव्हती. म्हणजे ज्या नळीने पाणी बाहेर फेकायचे, तीच नळी बाहेरचे पाणी मुकाट्याने आत आणत होती. पंप बंद असला तरी त्याच्या पात्यांतून पाणी उलट वाहायला काही अडचण नसते. खात्री करण्यासाठी नांगरावरच तीन जण डाव्या काठावर बसले, पाण्याचे दोन कॅन त्यांच्या मांडीवर दिले, आणि मी बॅटरी पंपाच्या जाळीवर धरली. जाळीतून पाणी उमलावे तसे वर येऊ लागले. आवाज नाही, फेस नाही.

उपाय साडेतीनशे रुपयांचा झाला. नळी लांब घेतली, ती होडीच्या मध्यावरून थेट तक्त्याखालपर्यंत उंच नेली आणि मग बाहेरच्या तोंडाकडे उतरवली. होडी कितीही कलली तरी तो उंच बाक बाहेरच्या पाण्याच्या वरच राहील, असा. बाकाच्या माथ्यावर हवा शिरण्यासाठी बारीकशी वाट ठेवली, नाहीतर एकदा भरलेली नळी बाटलीतून तेल ओढून घ्यावे तशी बाहेरचे पाणी ओढत राहते. केवळ एनआरव्ही, म्हणजे पाणी उलट येऊ न देणारी झडप, बसवून का भागले नाही, असे दुकानदार वाचक विचारतील. होडीच्या तळात दोरे, केस, शिडाचे तंतू सतत पडलेले असतात. त्यांतला एकच तंतू झडपेत अडकला की झडप उघडीच राहते. ती मी विकतो, पण मुलाबाळांचा जीव तिच्यावर टाकणार नाही.

उपसण्याच्याच वाटेने पाणी आत येत होते, यावर पुतण्या हसून म्हणाला, ‘‘काका, पाठशाळेत हे कुणी शिकवले नव्हते.’’ त्याचे म्हणणे खरे होते. उत्तराध्ययन सूत्राच्या तेविसाव्या अध्ययनात केशीकुमार श्रमण आणि गौतमस्वामी यांचा संवाद आहे. त्यात शरीराला नाव, जीवाला नावाडी आणि संसाराला समुद्र म्हटले आहे, आणि गळणाऱ्या व न गळणाऱ्या नावेतला भेदही सांगितला आहे. निर्जरेच्या नळीतून आस्रव होऊ शकतो का, यावर बोलण्याचा अधिकार माझ्यासारख्या दुकानदाराचा नाही. चातुर्मासात कोणी महाराजसाहेब आमच्या भागात विराजले तर विचारायचे ठरवून ठेवले आहे.

चातुर्मासाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. कोकणच्या किनाऱ्यावरही पावसाळा हा थांबण्याचाच काळ. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून दर्याचे दिवस पुन्हा सुरू होतात. आपले साधू-साध्वी विहार थांबवतात तेव्हाच होड्याही किनाऱ्यावर झापांखाली विसावलेल्या असतात. पण लाकडी होडीला हा विसावा मानवतोच असे नाही. पाण्याबाहेर राहिली की लाकूड वाळते, आकसते आणि फळ्यांचे सांधे उघडतात. अशी होडी पाण्यात उतरवली की पहिला दिवस ती चाळणीसारखी गळते. अनुभवी माणूस घाबरत नाही. तो ती उथळ पाण्यात बांधून ठेवतो, लाकूड पाणी पिऊन फुगते, सांधे आपोआप मिटतात, आणि मग जे उरते तीच खरी गळती. फट सापडत नसेल तर जुने लोक लाकडाचा बारीक भुसा होडीच्या बुडाखाली पाण्यात सोडत. आत जाणाऱ्या पाण्याबरोबर भुसा ओढला जाऊन फटीत अडकतो आणि तिथेच फुगून बसतो. गळतीलाच आपली जागा दाखवायला लावण्याची ही युक्ती मला फार आवडली.

फळ्यांच्या सांध्यांत कापसाचा पीळ ठोकून वर राळ आणि तेलाचे लुकण भरायचे, ही झाली नेहमीची दुरुस्ती. खलाशांच्या जुन्या हिंदुस्थानीत तिला कालापत्ती म्हणत. मूळ शब्द पोर्तुगीज, कालाफाते. लाकडाला बाहेरून माशाचे तेल चोपडण्याची चाल होती. त्याच्या जागी काजूच्या टरफलाचे तेलही वापरतात हे ऐकून मला बरे वाटले, एवढे नमूद करतो.

खिळे मारून फळ्या जोडण्यापूर्वीची रीत याहून निराळी होती. तिची गोष्ट तर आमच्याच जिल्ह्यात सुरू होते. पुतण्या एका संध्याकाळी आम्हांला फेरीबोटीने दिवाडी बेटावर घेऊन गेला. याच बेटावर होडी इनोव्हेशन्स या संस्थेने भारतीय नौदलासाठी शिवलेले जहाज बांधले. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवल्या गेल्या, आणि सांधे नारळाच्या तंतूंनी व नैसर्गिक राळेने बंद केले गेले. कामाचा प्रारंभ 12 सप्टेंबर 2023 रोजी झाला. 21 मे 2025 रोजी कारवार येथे ते ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले. या जहाजाचा आराखडा कोणत्याही जुन्या अवशेषावरून घेतलेला नाही, कारण तसा अवशेष उपलब्धच नव्हता. तो घेतला आहे अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील भित्तिचित्रावरून. पुंडलिकनगरातून अजिंठा शंभर किलोमीटर. सहलीला शाळेच्या बसमधून आम्ही त्या चित्रापुढून गेलो असू, मास्तर पुढे चला म्हणाले असतील आणि आम्ही गेलो असू. त्या लेण्यांतही छतातून झिरपणारे पाणी हीच चित्रांच्या जतनातली एक जुनी अडचण आहे, हे त्या संध्याकाळी मनात आल्यावाचून राहिले नाही.

तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझच्या बंदरात अशी शिवलेली जहाजे पाहिली आणि ती अत्यंत वाईट असून त्यांतली बरीच बुडतात, असा शेरा मारला. लोखंडाचा खिळा नाही याचेच त्याला नवल आणि भय. पण याच जहाजांवर अरबी समुद्राचा व्यापार शेकडो वर्षे चालला. उद्द्योतनसूरींनी इसवी सन 779 मध्ये पूर्ण केलेल्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत ग्रंथात सोपाऱ्याला जमलेले व्यापारी आपापल्या सफरींच्या हकिगती सांगतात. कोणी कुठे काय नेले, बदल्यात काय आणले, याचा तो जमाखर्चच आहे. ते सोपारे म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातले नालासोपारा. आपले पूर्वज ज्या जहाजांवर माल चढवीत ती गळत असणार, याविषयी मला आता शंका उरलेली नाही. शिवण दिली की थोडे पाझरणे आलेच. पाझर किती आणि उपसणे किती, याचा मेळ ठेवणारा माणूस जहाजावर असे, म्हणून ती पलीकडे पोहोचत. ‘कौंडिण्य’ही 29 डिसेंबर 2025 रोजी पोरबंदरहून इंजिनाशिवाय निघाले आणि 14 जानेवारी 2026 रोजी मस्कतला पोहोचले. ते पोहोचल्याची बातमी मी दुकानात गिऱ्हाइकांना वाचून दाखवली. दोघांनी नीट ऐकली, तिसऱ्याने वॉशर मागितला.

निघण्याच्या आदल्या रात्री वहिनींना फोन केला. होडी विकायची गरज नाही, असे सांगितले. मात्र दहा फेऱ्या नातीशिवाय करायच्या, प्रत्येक फेरीची नोंद मला पाठवायची, आणि एकाही फेरीत वाटीभराहून अधिक पाणी निघाले तर मोजणी पुन्हा एकपासून सुरू. पुतण्याने मान्य केले. नातीने केले नाही, पण तिला विचारले नव्हते. वहिनींनी बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग म्हणाल्या, ‘‘वाटी कोणती? आपली आमटीची, की ती छोटी?’’

छोटी, असे ठरले. मापाचा तंटा नको म्हणून सूनबाईंनी एक वाटी होडीवर कायमची देऊन टाकली आहे.

आतापर्यंत सात फेऱ्या झाल्या. सातवीची नोंद काल रात्री आली : वारा उजवीकडून, तीन तास, गादी कोरडी, तळात अर्धी वाटी, खारट. मी ती वहिनींना वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, ‘‘मग ती अर्धी वाटी कुठून येते?’’ सुकाणूचा दांडा जिथून तळाबाहेर जातो, तिथल्या नळकांड्यावर माझा संशय आहे. आठव्या फेरीआधी त्याच्याभोवती रांगोळी घालायला सांगितले आहे.